लैंगिक आजारांची तपासणी वाढवायची तर दवाखान्याला कसं शिकवायचं

जिल्ह्याच्या प्रशिक्षण केंद्रात दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. ढीगभर स्लाइड, दुपारी जेवण, सुरुवातीला एक प्रश्नपत्रिका आणि शेवटी तीच प्रश्नपत्रिका पुन्हा. मार्क वाढतात, ग्रुप फोटो निघतो, प्रमाणपत्रं वाटली जातात. पुढच्या महिन्यात प्राथमिक आरोग्य केंद्राचं रजिस्टर उघडावं तर आकडे जिथल्या तिथे. माहिती कमी पडली म्हणून असं होत नाही. सिफिलिस कशाने होतो हे एएनएमला (आरोग्य सेविकेला) चांगलं ठाऊक असतं. समोर बसलेल्या बाईला, तिची सासू दारात उभी असताना, नेमकं काय आणि कसं विचारायचं, हे मात्र तिला कुणी शिकवलेलं नसतं.

हा लेख त्या न शिकवलेल्या गोष्टीबद्दल आहे. तालुका आरोग्य अधिकारी, वैद्यकीय अधिकारी, आयसीटीसीचे (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राचे) समुपदेशक आणि संस्थांमधून प्रशिक्षण घेणारी मंडळी यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय. उदाहरणं महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यांची आहेत, पण खाजगी किंवा ट्रस्टच्या दवाखान्यातही फारसा फरक पडणार नाही.

तक्रार आली की औषध देणं वेगळं आणि तक्रार नसताना शोधणं वेगळं, हे आधी सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे क्लॅमिडिया, गोनोरिया, सिफिलिस आणि ट्रायकोमोनास या चार बऱ्या होणाऱ्या आजारांचे २०२० या एका वर्षात जगभर ३७ कोटी ४० लाख नवे संसर्ग झाले. यातल्या बहुतेकांना लक्षणंच नसतात किंवा ती अंगावर काढण्याइतकी सौम्य असतात. आपल्याकडचा पुरावा त्याहून जवळचा आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध केली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा निदान एक तरी त्रास होता. पूर्वी कधी आतून तपासणी आणि उपचार झालेल्या बायका फक्त ८ टक्के. आणि ४५ टक्के बायकांनी स्वतःहून कसलीच तक्रार सांगितली नव्हती. प्रशिक्षणाच्या पहिल्या दहा मिनिटांत हे तीन आकडे फळ्यावर लिहा. बाकी प्रस्तावना लागत नाही.

१. आधी रजिस्टर वाचा, मग वेळापत्रक आखा

प्रशिक्षणाची तारीख ठरवण्याआधी त्या दवाखान्यात जाऊन गेल्या सहा महिन्यांची कागदपत्रं बघा. गरोदर मातांचं रजिस्टर, लॅबचं रजिस्टर, ओपीडी, औषधसाठ्याची वही, आणि असेल तर एसटीआयचं (लैंगिक आजारांचं) वेगळं रजिस्टर. त्यातून एक साखळी काढायची: नव्याने नोंद झालेल्या गरोदर माता किती, त्यांपैकी सिफिलिसची तपासणी किती जणींची, त्यात पॉझिटिव्ह किती, त्यांना पेनिसिलिनचं इंजेक्शन मिळालं किती जणींना, त्यांच्या नवऱ्यांपैकी किती जण आले, आणि बाळाची तपासणी झाली का.

ही साखळी कुठे तुटते ते प्रत्येक केंद्रात वेगळं असतं. समजा ६० नोंदींपैकी ५५ जणींची तपासणी झाली आहे, दोघी पॉझिटिव्ह आहेत आणि इंजेक्शन एकीलाही नाही. तिथे तपासणीवर भाषण देणं म्हणजे वेळ घालवणं, तिथला प्रश्न इंजेक्शनचा आहे. दुसऱ्या केंद्रात तपासणीच तिसऱ्या तिमाहीत होत असेल तर तिथे आशाताईंबरोबर बसायला हवं. सगळीकडे एकच स्लाइडसंच घेऊन फिरणाऱ्या प्रशिक्षकाला हे कळत नाही.

औषधसाठा हाताने तपासा. पेनिसिलिनच्या व्हायल किती, मुदत कधी संपते, आरपीआरचं (सिफिलिसच्या रक्तचाचणीचं) किट फ्रीजमध्ये आहे की कपाटात. लैंगिक आजारांच्या रंगीत किटचे पुडे कोपऱ्यात धूळ खात असतात आणि त्यातले निम्मे मुदतबाह्य निघतात, हे बऱ्याच ठिकाणी दिसतं. ते सगळ्यांसमोर बोलून दाखवू नका. फार्मासिस्टला बाजूला घेऊन सांगा, नाहीतर पुढच्या बैठकीला तो येणार नाही.

२. बोलवायचं कुणाला, आणि कधी

फक्त वैद्यकीय अधिकारी आणि एक सिस्टर आल्या तर काम होत नाही. केसपेपर काढणारा, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट, आरोग्य सेविका, आरोग्य सहाय्यिका, उपकेंद्राचे समुदाय आरोग्य अधिकारी, आशा गटप्रवर्तक, शिपाई, सफाई कर्मचारी, सगळे हवेत. रुग्ण सगळ्यात आधी भेटतो तो केसपेपरच्या खिडकीवरच्या माणसाला. ‘काय होतंय?’ असं तो मोठ्याने विचारतो, मागे रांगेत गावातलीच माणसं असतात, आणि बाई ‘कंबर दुखते’ असं सांगून मोकळी होते. पुढे डॉक्टर कितीही चांगले असले तरी केसपेपरवर कंबरदुखी छापून आलेली असते. त्या माणसाला एवढंच शिकवा: तक्रार विचारायची नाही, ‘डॉक्टरांना दाखवायचंय ना, नाव सांगा’ एवढं पुरे.

सलग दोन दिवस दवाखाना बंद ठेवता येत नाही, ठेवूही नये. दुपारच्या ओपीडीनंतर दीड-दीड तासाची चार सत्रं, दर पंधरा दिवसांनी एक, आणि तीही त्याच दवाखान्यात. मध्ये मिळालेल्या दिवसांत शिकलेलं वापरून बघता येतं आणि पुढच्या सत्रात खऱ्या अडचणी येतात. बाजाराचा दिवस टाळा, लसीकरणाचा दिवस टाळा, आणि महिन्याची नऊ तारीख तर अजिबात नको. त्या दिवशी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची गर्दी असते. मात्र नऊ तारखेला प्रशिक्षकाने नुसतं बाजूला बसून काम बघावं. इतकं दुसऱ्या कुठल्याही दिवशी दिसत नाही.

शिकवायला डॉक्टर आणि त्यांच्या जोडीला अनुभवी परिचारिका अशी जोडी असावी. माझ्या मते एकाचीच निवड करायची वेळ आली तर परिचारिकेला घ्यावं. कर्मचारी तिला जे प्रश्न विचारतात ते डॉक्टरांना कधीच विचारत नाहीत.

३. प्रश्न कसा विचारायचा: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

पहिलं सत्र पूर्ण यालाच. सुरुवातीला फळ्यावर फक्त शब्द लिहून घ्या. रुग्ण काय म्हणतात? पांढरं जातं, धुपणी, अंगावर जातं, खाली आग होते, गरमी झालीय, परमा, जांघेत गाठ, बद, धातू जातो. कुणी हसेल, हसू द्या. पाच मिनिटांनी हसू थांबतं आणि तोंडाला सवय होते. ‘अंगावर जातं’ म्हणणाऱ्या बाईला पांढरं की लाल हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे इथेच पक्कं करा. आणि धातू जातो म्हणणाऱ्या तरुणाची टर उडवायची नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना आजार नसून काळजी असते, पण एखाद्याला खरोखर पू येत असतो. लघवी करण्याआधी बघितल्याशिवाय आणि अंतर्वस्त्रावरचा डाग विचारल्याशिवाय ते कळत नाही.

मग तीन-तीन जणांचे गट करा. एक रुग्ण, एक सिस्टर, एक निरीक्षक. निरीक्षकाच्या हातात छोटी यादी: खाजगीपणाबद्दल बोलली का, परवानगी घेतली का, उघडा प्रश्न विचारला का, चेहरा वाकडा केला का. पुरुष डॉक्टरांना रुग्ण बाईची भूमिका द्या. दोन मिनिटं गंमत वाटते, तिसऱ्या मिनिटाला ते खुर्चीत चुळबुळायला लागतात.

ओपीडीत सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न असा असतो: ‘तुम्हाला तसलं काही नाही ना?’ या प्रश्नाचं उत्तर त्यातच दिलेलं आहे. बाई मान हलवते आणि संपलं. प्रशिक्षणात हा प्रश्न कुणी विचारला की थांबवायचं आणि पुन्हा विचारायला लावायचं. त्याऐवजी साधारण असं:

‘ताई, इथे येणाऱ्या प्रत्येकीला मी चार खाजगी प्रश्न विचारते. तुम्हालाच म्हणून नाही. इथलं बोलणं बाहेर जात नाही. विचारू का?’

‘विचारा.’

‘अंगावरून पांढरं किती दिवसांपासून जातंय? वास कसा येतो? खाज, आग?’

‘दोन-चार महिने झाले. वास येतो.’

‘संबंधाच्या वेळी दुखतं का? नंतर रक्त दिसतं?’

‘दुखतं जरा.’

‘मालकांना लघवीला जळजळ, जखम, पू असं काही आहे का?’

इथे बाई थांबते. सिस्टरनेही थांबावं. मोजून दहा सेकंद गप्प बसणं हा या सत्राचा सगळ्यात अवघड धडा आहे, कारण आपल्याला गप्प बसवत नाही. पुढचा प्रश्न: ‘मालकांशिवाय आणखी कुणाशी संबंध आलाय का, तुमच्या मर्जीने किंवा मर्जीविरुद्ध?’ ‘मर्जीविरुद्ध’ हा शब्द आवर्जून हवा. त्यावर एखादी बाई रडते, तर पुढे काय करायचं, कुणाला बोलवायचं, हेही त्याच सत्रात ठरवून ठेवा.

पुरुषाला विचारताना: ‘दादा, गेल्या तीन महिन्यांत किती जणांशी संबंध आले? बायकांशी, पुरुषांशी, की दोघांशी? कंडोम नेहमी, कधीकधी, की नाही?’ पर्याय देऊन विचारलं की उत्तर द्यायला सोपं जातं. तोंडावाटे आणि गुदद्वारावाटे संबंध असतील तर घसा आणि गुदद्वार तपासल्याशिवाय संसर्ग सापडणार नाही. म्हणून हा प्रश्न उत्सुकतेपोटी विचारलेला नाही, नमुना कुठून घ्यायचा हे ठरवण्यासाठी आहे. कर्मचाऱ्यांना तो हेतू समजला की संकोच निम्म्याने कमी होतो.

भूतकाळ, जोडीदार, संबंधांचे प्रकार, बचावाची साधनं आणि गरोदरपण, या पाच गोष्टी प्रत्येक रुग्णाच्या बोलण्यात आल्या की नाही ते पाहायचं. टेबलाच्या काचेखाली त्यांचं एक कार्ड ठेवून द्या. भिंतीवर पोस्टर लावू नका, रांगेतली माणसं वाचत बसतात.

४. जागा

पडदा हवा, आणि तो ओढल्यावर पूर्ण बंद व्हायला हवा. दार आतून लागायला हवं. सासूबाई किंवा नवरा सोबत आले असतील तर ‘वजन आणि बीपी घेताना एकटीच लागते’ असा नियम सगळ्यांसाठी करा, म्हणजे कुणा एकीला वेगळं काढल्यासारखं वाटत नाही. कस्को स्पेक्युलम (योनी उघडून आत बघायचं साधन) दोन आकाराचे, टॉर्च, निर्जंतुक करायची सोय, हात धुवायला पाणी. एवढंच लागतं. खोली नसेल तर लेबर रूम मोकळी असतानाची वेळ ठरवा.

५. गरोदर माता आणि सिफिलिस: दुसरं सत्र

इथे तपशिलात शिरावं लागतं, कारण इथेच दवाखाना प्रत्यक्ष जीव वाचवतो. सिफिलिस असलेल्या गरोदर बाईवर उपचार झाले नाहीत तर निम्म्याहून जास्त वेळा गर्भपात, मृत बाळ, अपुऱ्या दिवसांचं बाळ किंवा जन्मजात सिफिलिस यांतलं काहीतरी घडतं. आणि औषध जुनं, स्वस्त आणि खात्रीचं आहे. बाळंतपणाच्या निदान तीस दिवस आधी पेनिसिलिन मिळालेलं असावं. म्हणून तपासणी पहिल्या भेटीतच, पहिल्या तिमाहीत. ज्या बाईची कुठेच तपासणी झालेली नाही आणि ती थेट कळा घेऊनच आली, तिची लेबर रूममध्येच करायची.

लॅब टेक्निशियनसोबत प्रत्यक्ष चाचणी करून घ्या. आरपीआरचं अँटिजेन दोन ते आठ अंशांत ठेवायचं, वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. अँटिजेनच्या सुईतून एक मिलिलिटरमध्ये साठ थेंब पडायला हवेत, हे मोजून बघा. बऱ्याच ठिकाणी सुई वाकलेली असते आणि थेंब मोठा पडतो. कार्ड मिनिटाला शंभर फेऱ्यांनी आठ मिनिटं फिरवायचं, लगेच चांगल्या उजेडात वाचायचं. रोटेटर बंद आहे म्हणून हाताने हलवलेलं कार्ड अर्ध्या तासाने वाचलं तर त्या अहवालाला काही किंमत नाही. अँटिबॉडी फार जास्त असतील तर सुरुवातीची चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, शंका असेल तर नमुना पातळ करून पुन्हा लावायचा.

एचआयव्ही आणि सिफिलिसची एकत्र रॅपिड चाचणी आता उपकेंद्रापर्यंत पोहोचते. बोटातून रक्त, काही मिनिटांत उत्तर. तीन गोष्टी घोकून घ्या: रेघ फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच, किटवर लिहिलेल्या वेळेतच वाचायचं, आणि एका किटचं बफर (सोबतचं द्रावण) दुसऱ्या किटला वापरायचं नाही. शिवाय ही चाचणी एकदा पॉझिटिव्ह आली की उपचारानंतरही आयुष्यभर तशीच येऊ शकते. म्हणून तिच्यावरून उपचार लागू पडला का हे कळत नाही. त्यासाठी आरपीआरचा टायटर (नमुना किती पट पातळ केला तरी चाचणी पॉझिटिव्ह येते तो आकडा) लागतो. १:३२ वरून १:८ वर आला तर चौपट घट, उपचार लागू पडला.

आता इंजेक्शन. बेंझाथिन पेनिसिलिन चोवीस लाख युनिट, स्नायूत. बारा लाख एका कुल्ल्यात, बारा लाख दुसऱ्यात. आजार कधीचा हे माहीत नसेल तर आठवड्याला एक अशी तीन. औषध घट्ट असतं, बारीक सुईत अडकतं, त्यामुळे व्हायल नीट हलवून, जाड सुई घेऊन, सावकाश द्यावं लागतं. शिरेत कधीच नाही. हे सत्र रिकाम्या व्हायलवर हाताने करून घ्या, तोंडी सांगून उपयोग नाही.

बऱ्याच केंद्रांत हे इंजेक्शन न देण्याचं खरं कारण भीती असतं. रिअॅक्शन आली तर काय, गाव दवाखान्यावर आलं तर काय. ही भीती हसण्यावारी नेऊ नका, तिच्यासाठी तयारी करून द्या. आधी कधी पेनिसिलिनने अंगावर पित्त उठलं होतं का, श्वास कोंडला होता का, हे विचारायचं. इंजेक्शननंतर अर्धा तास बसवून ठेवायचं. ट्रेमध्ये अॅड्रेनलिन भरून तयार हवं: एक हजारात एक या प्रमाणाचं अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. कर्मचाऱ्यांकडून घड्याळ लावून ही कसरत करून घ्या. कोण मांडी पकडणार, कोण १०८ला फोन करणार, ऑक्सिजनचा सिलेंडर कुठे आहे आणि त्याची किल्ली कुणाकडे. पहिल्या वेळी किल्ली सापडत नाहीच. दुसऱ्या दिवशी ती सिलेंडरलाच बांधलेली दिसते. आणि त्या रात्री ताप, अंगदुखी आली तर ती अॅलर्जी असेलच असं नाही. जंतू मेल्यानंतरची प्रतिक्रियाही असू शकते, हे बाईला आधीच सांगून ठेवा. गरोदर बाईने पोट आवळायला लागलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच यायचं.

पेनिसिलिनची खरी अॅलर्जी असलेल्या गरोदर बाईला डॉक्सिसायक्लिन देऊन चालत नाही. अॅझिथ्रोमायसिनने बाळाच्या उपचाराची खात्री नाही. तिला मोठ्या रुग्णालयात पाठवायचं, तिथे तिचं शरीर पेनिसिलिनला सरावून मग इंजेक्शन देतात.

आपल्याकडची एक खास अडचण माहेरपणाची. नोंद सासरच्या उपकेंद्रात, बाळंतपण माहेरच्या तालुक्यात. माता बाल संरक्षण कार्डावर अहवाल लिहावा तर ते कार्ड घरात सगळे वाचतात, न लिहावा तर पुढच्या डॉक्टरला पत्ता लागत नाही. कार्डावर तपासणीची तारीख आणि इंजेक्शनची तारीख एवढंच ठेवून, बाईच्या संमतीने एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रातल्या डॉक्टरांना फोन करणं हा मला सगळ्यात बरा उपाय वाटतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचंही तसंच. टोळी दिवाळीच्या आसपास निघते. तीन आठवड्यांचे डोस त्याआधी संपतील अशा हिशोबाने सप्टेंबरमध्येच त्या गावांची तपासणी उरकावी.

६. रंगीत किट: तिसरं सत्र

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाची सात किट सगळ्यांना साधारण माहीत असतात: करडा स्रावासाठी आणि गर्भाशयमुखाच्या दाहासाठी, हिरवा योनीदाहासाठी, पांढरा जखमेसाठी, निळा पेनिसिलिन न चालणाऱ्यांच्या जखमेसाठी, लाल हर्पीससाठी, पिवळा ओटीपोटात दुखण्यासाठी, काळा जांघेतल्या गाठीसाठी. रंग पाठ करून घेण्यात सत्र घालवू नका. औषधांचे डोसही अधूनमधून बदलतात, गोनोरियाचे जंतू जुन्या औषधांना दाद देईनासे झालेत, म्हणून चालू परिपत्रक बघून तेच छापून द्या.

वेळ द्यायचा तो चुकांवर. पांढरं जातं म्हणणाऱ्या प्रत्येक बाईला हिरवा पुडा द्यायची सवय मोडा. स्पेक्युलम घालून गर्भाशयाचं तोंड बघितल्याशिवाय पू तिथून येतोय की नाही हे कळत नाही, आणि तो येत असेल तर करडा पुडाही लागतो. हिरव्या पुड्यातलं फ्लुकोनाझोल गरोदर बाईला पोटात द्यायचं नाही, बुरशी असेल तर तिला योनीत ठेवायची क्लोट्रिमाझोलची गोळी. म्हणून पुडा हातात घेण्याआधी पाळीची तारीख.

दुसरी चूक जास्त घातक आहे. पांढरं जाण्याचं कारण बहुतेक वेळा बुरशी किंवा योनीतल्या जंतूंचं बिघडलेलं संतुलन असतं, ते लैंगिक संसर्गाने आलेलंच असतं असं नाही. काही वेळा ते निव्वळ नैसर्गिक असतं. तिथे ‘नवऱ्याला पण घेऊन या, हा तसला आजार आहे’ असं सिस्टर बोलून गेली तर त्या घरात मारहाण होऊ शकते. लॅबमध्ये सूक्ष्मदर्शक असेल तर ओल्या नमुन्यात ट्रायकोमोनास दिसतात, पण स्लाइड काही मिनिटांत बघायला हवी. गार झाली की ते हलायचे थांबतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर मासळीसारखा वास आला तर संतुलन बिघडल्याची खूण. दोन मिनिटांचं काम आहे.

पांढरं जाण्याच्या तक्रारीकडे नीट न बघण्याची किंमत बीड जिल्ह्याने मोजली. ऊसतोड बायकांची गर्भाशयं अशा साध्या तक्रारींवरही काढली गेल्याचं समोर आलं आणि २०१९ मध्ये सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. प्रशिक्षणात हा विषय काढलाच पाहिजे. वेळेवर स्पेक्युलम आणि दोन गोळ्या मिळाल्या असत्या तर यातल्या कितीतरी बायका शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत गेल्या नसत्या.

स्पेक्युलमचा सराव मॉडेलवर करा, मग स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ओपीडीत नेऊन करा. ज्यांना हाताला सवय नाही ते ‘बाई तपासू देत नाही’ असं कारण सांगतात. बाईला आधी स्पेक्युलम दाखवून, कोमट पाण्यात बुडवून, ‘दुखलं तर सांगा, मी थांबते’ असं म्हटल्यावर किती जणी तयार होतात ते पाहा.

७. जोडीदार आणि कायदा: चौथं सत्र

सिफिलिस, गोनोरिया, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास यांत जोडीदारावर उपचार झाले नाहीत तर रुग्ण महिन्याभरात परत येतो. निरोप कसा पोहोचवायचा हे मात्र रुग्णाने ठरवायचं. तिने स्वतः सांगायचं, दवाखान्याने बोलवायचं, की ‘गरोदरपणात नवऱ्याचीही रक्ततपासणी सगळ्यांची करतात’ असं सांगून आणायचं. शेवटचा मार्ग आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतो. घरात मारहाणीची भीती आहे का हे आधी विचारल्याशिवाय चिठ्ठी हातात द्यायची नाही.

एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माहिती देऊन घेतलेली संमती आणि गुप्तता ही त्याखाली कायदेशीर जबाबदारी आहे. रजिस्टर उघडं ठेवणं, व्हॉट्सअॅप ग्रुपवर अहवालाचा फोटो टाकणं, आशाताईंना ‘त्या घरात जरा लक्ष ठेवा’ म्हणणं, हे सगळं त्यात येतं. व्हॉट्सअॅपचं विशेष सांगा, कारण आकडे मागवायचे म्हणून ते वरूनच सुरू होतं. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींच्या बाबतीत पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. अशी केस आली की कर्मचाऱ्याने एकट्याने ठरवायचं नाही, वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जायचं, आणि उपचार मात्र थांबवायचे नाहीत.

देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, तृतीयपंथी आणि पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष यांच्यासाठी संस्थांमार्फत दर तिमाहीला नियमित तपासणी आणि वर्षातून दोनदा सिफिलिसची चाचणी असा कार्यक्रम आहे. सांगलीत संग्रामसारख्या संस्थेने आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्याच वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने दाखवून दिलंय की ज्यांच्याविषयी बोलायचं त्यांनाच बोलायला बसवलं तर दवाखान्याची वागणूक लवकर सुधारते. चौथ्या सत्रात अशा एका व्यक्तीला मानधन देऊन बोलवा. तिला ‘दवाखान्यात काय खटकतं’ एवढंच विचारा. टाळ्या आणि शाल नको.

८. नंतरचे सहा महिने

प्रशिक्षण म्हणजे खरं तर हाच भाग, आणि यासाठीच पैसे ठेवलेले नसतात. महिन्यातून एकदा प्रशिक्षकाने केंद्रात यावं आणि तासभरात तीन कामं करावीत: पहिल्या दिवशी काढलेली साखळी पुन्हा काढायची, दोन केसपेपर वाचायचे, आणि रुग्णाच्या परवानगीने एक संवाद ऐकायचा. लॅबला उत्तर माहीत असलेले काही नमुने देऊन त्यांचं वाचन तपासायचं. आकडे कर्मचाऱ्यांच्या खोलीत लावायचे, पण केंद्राचे, कुणा एकीच्या नावाचे नाहीत.

एक सावधगिरी. तपासणी नीट सुरू झाली की पॉझिटिव्ह रुग्णांची संख्या वाढते. वरच्या कार्यालयातून ‘तुमच्याकडे अचानक एवढे कसे?’ असा फोन येतो आणि घाबरून कुणीतरी पुन्हा विचारणं थांबवतं. म्हणून पहिल्या सत्राआधीच तालुका आणि जिल्हा कार्यालयाला लेखी कळवून ठेवा की येत्या सहा महिन्यांत आकडा वर जाणार आहे आणि तो जायलाच हवा. लक्ष्य ठरवायचंच असेल तर पॉझिटिव्ह रुग्णांचं ठरवू नका. पहिल्या तिमाहीत तपासणी झालेल्यांचं, अहवाल आल्यापासून सात दिवसांत इंजेक्शन मिळालेल्यांचं आणि उपचार झालेल्या जोडीदारांचं ठरवा.

आणि बदल्या होणारच. बंधपत्रावरचे डॉक्टर वर्षभरात जातात, कंत्राटी सिस्टरचा करार संपतो. केंद्राने दोन पानांची हस्तांतर वही करावी: किट कुणाकडून मागवायचे, संदर्भसेवेचे फोन, आरपीआरच्या सुईची तपासणी शेवटची कधी झाली, उपचार अर्धवट असलेल्या रुग्णांची नोंद सांकेतिक क्रमांकाने. वहीची जबाबदारी डॉक्टरकडे देऊ नका, सगळ्यात जास्त वर्षं त्या केंद्रात असलेल्या आरोग्य सहाय्यिकेकडे द्या, आणि नवीन डॉक्टर रुजू झाल्याच्या आठवड्यातच त्यांना तिच्याबरोबर एक तास बसवा.